चुकचुक

राजापूरकडच्या आमच्या जुन्या घरात संध्याकाळ बाहेरून आत येत नसे. ती माजघरातच, उतरंडीच्या मागच्या काळोखात दिवसभर अंग चोरून बसलेली असायची आणि उन्हं परसातल्या माडांच्या शेंड्यांवर चढली की हळूच पाय पसरायची. चिऱ्याच्या भिंती गडद होत जायच्या, सारवलेली जमीन तळव्यांना गार लागू लागायची, पडवीत वाळत घातलेल्या सुपारीचा तुरट वास घरभर फिरायचा, आणि आजी निरांजन घेऊन तुळशीकडे जायला उठायची. नेमक्या त्या वेळी वर, तुळई आणि भिंत यांच्या सांध्यात, कुणीतरी जीभ टाळूला लावून सोडावी तसा आवाज व्हायचा. चुक. चुक. चुक.

आजी थबकायची. एका हाताने ज्योत झाकून ती खाली वाकायची, तर्जनीने जमिनीवर तीनदा टकटक करायची आणि पुटपुटायची, कृष्ण कृष्ण. मग काही झालंच नाही अशी चालू लागायची. पालीने तीनदा बोलायचं आणि आजीने तीनदा उत्तर द्यायचं, असा त्या दोघींचा रोजचा व्यवहार होता.

मी सहा-सात वर्षांची असेन. मला पालीची भीती वाटत नसे. मला भीती वाटायची ती आजीच्या थबकण्याची.

‘मनात पाल चुकचुकली’ असं आपण सहज म्हणतो, आणि म्हणताना बहुतेकांना ती पाल दिसतही नाही. वापरून वापरून शब्द इतका गुळगुळीत झाला आहे, की त्यातला तो फिकट पिवळट, दिव्यासमोर आला तर पोटातून उजेड दिसावा असा नितळ जीव कुठल्या कुठे निसटून गेला. मला मात्र तो अजून दिसतो. मराठीने भीतीला अंगात जागोजागी घरं करून दिली आहेत. वाईट बातमी कानावर आली की छातीत धस्स होतं, रडतं पोर दिसलं की काळजात चर्र होतं, परीक्षेच्या दारात पोटात गोळा येतो, अंधाऱ्या बोळात हातापायांतलं बळ जातं. या सगळ्या भीतींना कारण आहे, म्हणून त्यांना शरीरात जागाही आहे. पण जिला अजून कारणच नाही, काही म्हणता काही घडलेलं नाही, सगळे जेवायला बसले आहेत, वरणावर तुपाची धार पडते आहे, कुणीतरी लोणच्याची बरणी मागतं आहे, आणि तरीही आत काहीतरी किंचित हललं, अशा भीतीसाठी भाषेने अवयव शोधला नाही. तिने मनालाच घर मानलं. त्याला भिंती दिल्या, आढं दिलं, आणि त्या आढ्याच्या सांध्यात एक पाल सोडली.

तिच्या नात्यातले इतर शब्द मी अनेकदा शेजारी ठेवून पाहिले आहेत. हुरहुरीत थोडा गोडवा असतो. मुलगी सासरी निघाली की हुरहुर लागते, आणि ती लागली नाही तर आईलाच चुकीचं वाटेल. धाकधुकीला तारीख असते, निकालाची नाहीतर ऑपरेशनची, आणि ती तारीख उलटली की धाकधूक संपते. कुणकुण बाहेरून येते, कुणाच्या तरी कुजबुजीतून. चाहूल पावलांची असते, म्हणजे येणारा निदान निघालेला तरी असतो. चुकचुकणाऱ्या पालीपाशी यातलं काहीच नाही. तारीख नाही, पाऊल नाही, सांगणारा नाही. नुसता एक आवाज, आणि नंतरची शांतता, जी आवाजाआधीच्या शांततेसारखी उरलेली नाही.

आमच्या घरात बोलताना पाऊल जपून टाकावं लागे. बाहेर पडताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. बांगडी फुटत नसे, ती वाढायची. नारळ फोडत नसत, वाढवत. दिवा विझवला असं कुणी म्हणत नसे. दिव्याला निरोप दिला, म्हणत. तिन्हीसांजेला वास्तुपुरुष घरभर फिरत असतो आणि कानावर पडेल त्याला तथास्तु म्हणतो, म्हणून त्या वेळी अभद्र बोलायचं नाही, नाही नाही ते मनात आणायचं नाही, कारण मन चिंती ते वैरी न चिंती. कॉलेजात असताना मला हा सगळा भाबडेपणा वाटायचा. आता तसं वाटत नाही. ज्या घरातली माणसं पावसाळ्यात होडीने खाडी ओलांडायची, काळोखातून साप-विंचवाच्या वाटेने शेतावर जायची, मुंबईला गिरणीत लागलेल्या मुलाचं पत्र महिनाभर आलं नाही तर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायची, त्यांच्या हातात दुसरं होतं तरी काय? घडणारं थांबवता येत नव्हतं.

शब्द तेवढा आवरता येत होता.

आजी गेली, घर बंद झालं, कौलं बसली. पाल मात्र आमच्याबरोबर मुंबईला आली, म्हणजे आजीचं थबकणं आणि तीनदा बोट आपटणं आईने उचललं. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत सारवलेली जमीन नव्हती; आई लादीवर बोट आपटायची, आणि लादीवरचा तो आवाज मला नेहमी उपरा, कोरडा वाटायचा. माती ऐकून घेते. लादी ऐकत नाही.

2005 चा 26 जुलै. मंगळवार होता. बाबांचं ऑफिस अंधेरीला. दुपारनंतर पाऊस पडत नव्हता, कोसळत होता. समोरची इमारत आधी धूसर झाली, मग पुसली गेली, मग आमची खिडकीसुद्धा नुसतं पाणीच झाली. सांताक्रूझच्या वेधशाळेने त्या 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला आणि कुलाब्याला त्याच दिवशी तो जेमतेम 73 मिलिमीटर होता, हे नंतर कळलं. एकाच शहराच्या एका टोकाला माणसं छत्री घेऊन घरी पोचत होती आणि दुसऱ्या टोकाला बसच्या टपावर बसून रात्र काढत होती. काळजीचंही तसंच असतं. शेजारच्या घरात टीव्ही चालू असतो, आणि आपल्या घरात पाणी गळ्याशी आलेलं असतं.

गाड्या बंद पडल्या. संध्याकाळी वीज गेली. फोन उचलला तर आत काहीच वाजत नव्हतं. आईने तिघांचा भात टाकला, दोघींची पानं वाढली आणि तिसरं ताट वाढून त्यावर दुसरं ताट पालथं घातलं. आम्ही जेवलो नाही. अकराच्या सुमाराला मेणबत्तीच्या उजेडात, बंद ट्यूबच्या पट्टीमागून पाल बाहेर आली, भिंतीवर चार पावलं चालली आणि चुकचुकली. आईने बोट आपटलं. थोड्या वेळाने पुन्हा आवाज झाला. पुन्हा बोट. पहाटेपर्यंत हे चालू होतं. पावसाचा तो अखंड, एकसुरी घोष, आणि त्याच्या पोटात हे दोन इवले आवाज, एक वरून आणि एक खालून.

पालीला पापण्या नसतात. डोळा कोरडा पडला की ती जिभेनेच तो पुसून घेते. हे मी पुस्तकात पुढे कधीतरी वाचलं, पण पाहिलं त्या रात्री. मेणबत्तीची ज्योत हलली की भिंतीवर तिचं सावट मोठं व्हायचं, बारीक जीभ बाहेर यायची, डोळ्यावरून फिरायची आणि आत जायची. खाली आई दाराकडे तोंड करून बसली होती. पदराच्या टोकाने ती डोळे टिपायची आणि पुन्हा दाराकडे बघायची. त्या खोलीत पापणी न मिटणारे दोन जीव होते.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगाला चिखलाचा आणि डिझेलचा वास. मरोळच्या एका अनोळखी कुटुंबाने त्यांना आणि आणखी काही जणांना रात्री घरात घेतलं होतं, चहा पाजला होता, कोरडे टॉवेल दिले होते. ज्या साकीनाक्यावरून ते येणार होते तिथे दरड कोसळून माणसं गाडली गेली होती. आईने त्यांना काही विचारलं नाही. ती आत गेली, पालथं ताट उचललं, आंबलेला भात काढून टाकला आणि कुकर लावला. पाल रात्रभर चुकचुकली होती आणि आमच्या घरात काही झालं नव्हतं. त्या पावसात राज्यात हजारावर माणसं गेली. त्यांच्या घरी आदल्या रात्री कुठली पाल बोलली होती, कुणी सांगावं?

पुण्याला राहायला आल्यावर आमच्याच मजल्यावरच्या एका बंगाली बाईंकडे मी बसले होते. बोलता बोलता भिंतीवरची पाल बोलली, मी थबकले, आणि त्या मात्र खुलल्या. म्हणाल्या, बघा, तिने होकार दिला. त्यांच्या भाषेत पालीचं नावच टिकटिकी, आणि ती बोलते ते ‘ठीक, ठीक’. म्हणजे आत्ता तुम्ही बोललात ते खरं. त्यांच्याकडे खनाची लोककथा आहे. खना ज्योतिषी होती. तिची भाकितं सासऱ्याच्या भाकितांहून खरी ठरू लागली आणि शेवटी तिची जीभ कापली गेली. त्या जिभेचा तुकडा पालीने खाल्ला, आणि तेव्हापासून खरं काय ते पालीला कळतं.

मी घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. तोच जीव, तीच टाळूवरून सुटणारी जीभ, तोच आवाज. तिकडे, गंगेच्या मुखाशी, तो ‘ठीक’ असा ऐकू आला. इकडे, सह्याद्रीच्या सावलीत, आपल्या कानांनी त्यात ‘चूक’ ऐकली. आवाजात दोन्ही नव्हतं. जीवशास्त्राच्या हिशेबाने पाली बोलतात त्या एकमेकांशी. नर आपली हद्द सांगतो, मादीला साद घालतो. आजीच्या माजघरात, आईच्या लादीवर, इतकी वर्षं ज्या आवाजापुढे आम्ही श्वास रोखून धरले, त्यातून कुणीतरी कुणाला तरी ‘मी इथे आहे’ म्हणून सांगत होतं एवढंच.

संस्कृतात घोरपडीला गोधा म्हणतात आणि पालीला गृहगोधिका, म्हणजे घरातली इवलीशी घोरपड. 1670 मध्ये तानाजीचे मावळे सिंहगडाचा कडा चढले ते घोरपडीच्या पकडीवर भरवसा टाकून, असं पोवाडे आणि आख्यायिका सांगत आल्या. थोरलीच्या कमरेला आपण दोर बांधला आणि तिच्या आधारावर जीव टांगला. धाकटीच्या गळ्यात शंका बांधली. शंकेची पाल. जुन्या पंचांगांत तर पल्लीपतनाचं फळ छापलेलं असे. पाल मस्तकावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय, उजवीकडे काय आणि डावीकडे काय. लहानपणी मी ती पानं गोष्टीसारखी वाचायची. माणसाचं सगळं अंग तिथे एखाद्या नकाशासारखं पसरलेलं असे, आणि प्रत्येक गावात काहीतरी वाट बघत उभं असे.

चुकणे. या एका क्रियापदाने मला खूप दिवस झोपू दिलं नाही. गणित चुकतं, वाट चुकते, गाडी चुकते. नजर चुकवता येते, कर्ज चुकवता येतं. घाबरलं की काळजाचा ठोका चुकतो. दोघं एकमेकांना शोधत असतात, एक या दाराने आत येतो तेव्हा दुसरा त्या दाराने बाहेर पडलेला असतो, आणि त्याला चुकामूक म्हणतात. मला हा शब्द मराठीतल्या फार दुःखी शब्दांपैकी एक वाटतो. त्यात कुणाचाच दोष नसतो आणि तरी सुरुवात चुकीने होते.

2016 चा फेब्रुवारी. सकाळी साडेसातला मी आईला पुण्याहून फोन केला, रोजच्यासारखाच. तिने पडदे धुवायला काढले होते आणि ती हसत होती, अगदी हातातलं काम ठेवून हसत होती, कारण बाबा पडद्याच्या कड्या मोजत होते आणि दर खेपेला आकडा वेगळा येत होता. एकदा बावीस, एकदा चोवीस. ती म्हणाली, जन्मभर हिशेब लिहिले आणि आता कड्या मोजता येत नाहीत बघ. मागून बाबांचा आवाज आला, ‘पोह्यांवर घालायला कोथिंबीर नाहीये का? मी आणतो.’ मग चपलांचा, कडीचा आवाज. मग ते म्हणाले, ‘आलोच.’

आलोच. या शब्दाचा अर्थ मला तोवर कधी दिसला नव्हता. ‘येतो’मध्ये निदान येण्याची कबुली आहे. ‘आलोच’मध्ये तर माणूस परतसुद्धा आलेला असतो. घरातून बाहेर पडणारा उंबऱ्यावरच भूतकाळात सांगून जातो, की मी गेलो नव्हतोच, मी आलोही. जगातली दुसरी भाषा जाणाऱ्याच्या तोंडी इतका मोठा धीर ठेवत असेल का, मला ठाऊक नाही.

नऊच्या सुमाराला आईच्या फोनवरून शेजारच्या काकांचा आवाज आला. बाजारातून परतताना, वळणावरच्या कट्ट्यावर बाबा बसले, आणि बसलेलेच राहिले. कुणीतरी त्यांची पिशवी घरी आणून दिली. तिच्यात कोथिंबिरीची एक जुडी होती, मुळांना ओली माती, देठांना रबर. ती कुणीतरी सवयीने फ्रीजमध्ये ठेवली. पाचव्या दिवशी तिची टोकं पिवळी पडली, दहाव्या दिवशी ती काळपट, ओलसर झाली आणि खण उघडला की वास येऊ लागला. तेराव्यापर्यंत कुणालाच ती टाकवली नाही.

त्या सकाळी माझ्या मनात काहीही चुकचुकलं नव्हतं. फोन ठेवून मी आंघोळीला गेले. डोक्यावरून पाणी घेताना गुणगुणत होते. 26 जुलैच्या त्या रात्री जी पाल घसा फोडून ओरडली होती, तिला या सकाळी एक अक्षर बोलावंसं वाटलं नाही, हे मला फार दिवस गिळता आलं नाही. आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाचा श्वास थांबतो आणि आपल्या कानांना पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येतो.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. येणारी बाई दाराशी थांबायची, आईकडे बघायची, मान हलवायची आणि जीभ टाळूला लावून सोडायची. च्च च्च. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते, आणि माझा हात तिथेच थांबला. मराठीत यालाही चुकचुकणंच म्हणतात. कुणाचं वाईट झालं की माणसं हळहळतात, चुकचुकतात. म्हणजे घडण्याआधी पाल चुकचुकते आणि घडून गेल्यावर माणसं. एकच शब्द दोन्ही काठांवर उभा आहे. मधून जी नदी वाहते तिला आवाज नाही. आणि मग एकेक करून सगळे आपापल्या गाड्या पकडतात, उधार आणलेल्या सतरंज्या परत जातात, कपांचा ढीग घासून पालथा होतो, आणि दोनच माणसं उरलेल्या त्या घरात चुकल्या चुकल्यासारखं वाटू लागतं. तोच शब्द तिसऱ्यांदा. या खेपेला तो कुठेच जात नाही. खुर्चीवर बसून राहतो, चष्म्याच्या घरात, अर्ध्या वाचलेल्या पेपरात, बाथरूमच्या खुंटीवर.

आईच्या तोंडी पाल पहिल्या महिन्यात नव्हती. हे मला पक्कं आठवतं, कारण मी तिच्याजवळच होते आणि ती रोज, प्रत्येक येणाऱ्याला, ती सकाळ पहिल्यापासून सांगायची. पडदे होते, कड्या होत्या, कोथिंबीर होती. पाल आली ती वर्षश्राद्धाच्या दिवशी, मावशीला सांगताना. ‘आदल्या रात्री चुकचुकली होती हो, पण माझ्या मेलीच्या लक्षात आलं नाही.’ पुढच्या वर्षी आदल्या रात्रीची सकाळ झाली. मग पाल दारावरच्या चौकटीशी आली, बाबा चपला घालत होते नेमकी तेव्हा. मग ती तीनदा बोलली. आणि मग, तिसऱ्या की चौथ्या वर्षी, आई म्हणाली की मी बोटसुद्धा आपटलं नाही गं, माझ्या हातात पडदे होते.

मी ऐकत राहिले. मला माहीत होतं की तेव्हा ती फोनवर होती, माझ्याशी बोलत होती, हसत होती, आणि पाल बोलली असती तर तिचं हसणं मध्येच तुटलं असतं आणि मला पुण्यात कळलं असतं. पण मी तिला टोकलं नाही. चुकचुकीतली चूक तिने वेचून स्वतःच्या पदराला गाठ मारून ठेवली होती. उगाचच, काही कारण नसताना, कोथिंबीर घेऊन येताना वळणावर निघून गेलेलं माणूस तिला सोसवत नव्हतं. आपल्या हातून काहीतरी राहिलं म्हणून गेलेलं माणूस थोडं तरी सोसवत होतं. चूक निदान आपली असते. ती हातात धरून बसता येतं.

एकदा आम्ही कांचीपुरमला गेलो होतो. वरदराज पेरुमाळच्या देवळात छताशी पालींच्या दोन आकृती आहेत, एक सोनेरी आणि एक रुपेरी. लोक जिन्याने वर जातात, हात उंचावून त्यांना स्पर्श करतात आणि पालीचा दोष जातो असं मानतात. रांग पुढे सरकत होती, मागून माणसं घाई करत होती. आईने दोन्ही पालींवर हात ठेवला आणि तो काढेना. हजारो हातांनी घासून घासून त्या गुळगुळीत झाल्या होत्या. तिचे डोळे मिटलेले होते, आणि तिचे ओठ हलत होते. कृष्ण कृष्ण नव्हतं ते. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणत होती, लक्ष नव्हतं माझं, लक्ष नव्हतं.

तेव्हापासून मी त्या शब्दाकडे वेगळ्या नजरेने बघते. मनातली पाल भविष्य सांगते यावर माझा विश्वास नाही. ज्याच्यावर आपला जीव जडलेला असतो त्याच्या दिशेने आपला एक कान सदैव उघडा राहतो, झोपेत, बाजारात, आंघोळीच्या पाण्याखालीसुद्धा, आणि त्या कानाला मध्येच काहीबाही ऐकू येतं. बहुतेक वेळा तिथे काहीच नसतं. ज्या शंभर रात्री पाल बोलली आणि सगळे सुखरूप घरी आले त्या रात्री आपण विसरून जातो, आणि विसरतो तेच बरं; पण म्हणून त्या उरलेल्या एकीच्या नावाने स्वतःला जन्मभर कोर्टात उभं करू नये. माझ्या मनात चुकचुकलं तर मी फोन उचलते. ‘काही नाही, सहजच केला’ म्हणते. पलीकडून ‘बरं’ येतं, आणि तेवढ्याने माझा दिवस सरळ होतो.

आई आता माझ्याकडे असते. तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं आहे आणि त्याच्या मागे एक पाल राहते. पंख्याने पान उडालं की तिची शेपटी दिसते. यंदा श्रावणात एका संध्याकाळी पाऊस नुकता थांबला होता, खिडकीच्या गजांवर थेंब ओळीने लटकले होते, मी देवापाशी दिवा लावून वळले आणि कॅलेंडरच्या मागून आवाज आला. चुक. चुक. चुक. आईचं बोट पलंगाच्या काठाशी गेलं. आणि तिथेच थांबलं.

‘अगं,’ ती म्हणाली, ‘त्या दिवशी सकाळी आपण फोनवर बोललो होतो ना?’

‘हो.’

‘तेव्हा पाल चुकचुकली होती का? मला हल्ली नीट आठवत नाही. तू खरं सांग.’

‘नव्हती, आई.’

ती बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिली. ‘मग मी काय करत होते?’

‘हसत होतीस. बाबा कड्या मोजत होते.’

‘किती भरल्या?’

‘एकदा बावीस, एकदा चोवीस.’

‘चोवीसच होत्या,’ आई म्हणाली.